वसंतातले शिकारी पक्षी मोजायचे, तर रिकामा तासही लिहा

शरदात ज्या टेकडीवरून शेकडो शिकारी पक्षी जाताना दिसले, त्याच टेकडीवर वसंतात दोन दिवस बसूनही चार घारींपलीकडे काही हाती लागलं नाही. मग वसंतात हे पक्षी जातात कुठून, आणि मोठा थवा आलाच तर तो मोजायचा कसा, असा तुमचा प्रश्न आहे. एकट्यादुकट्या माणसाने केलेल्या मोजणीचा कुणाला उपयोग असतो का, हेही तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर आधी देतो: असतो, पण एका अटीवर. त्या दोन दिवसांत तुम्ही किती वाजता बसलात, किती वाजता उठलात, वारा कुठला होता आणि चार घारी कुठल्या तासात गेल्या, हे तुम्ही लिहून ठेवलं असेल, तर ती मोजणी झाली. ‘दोन दिवस गेलो, काही नव्हतं’ एवढंच आठवत असेल, तर ती सहल झाली. किती पक्षी दिसले याच्याआधी आपण किती वेळ आणि कसं बघितलं, हे कागदावर यायला हवं. पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच्याच भोवती फिरतं.

आता टेकडी. गरुड, बझर्ड, मधुबाज, गिधाडं हे रुंद पंखांचे पक्षी जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेत, म्हणजे थर्मलमध्ये, घिरट्या घालत वर चढतात आणि मग पंख न हलवता पुढच्या थर्मलपर्यंत उतरत जातात. असा प्रवास फार स्वस्तात होतो. पंख मारत तेवढंच अंतर कापायचं म्हटलं तर त्यांच्या अंगावरची चरबी पुरायची नाही. थंड पाण्यावरून असे थर्मल नीट उठत नाहीत. म्हणून समोर मोठं पाणी आलं की हे पक्षी थबकतात, काठाकाठाने सरकतात आणि पाणी जिथे अरुंद असेल तिथे ओलांडतात, किंवा वळसा घालून जमिनीवरूनच जातात. त्यामुळे कडेला त्यांची दाटी होते आणि आपल्याला ते दिसतात.

कळीची गोष्ट पुढची आहे. उत्तर गोलार्धात शरदात पक्षी दक्षिणेकडे निघालेले असतात, तेव्हा त्यांना पाण्याचा उत्तर काठ अडवतो. वसंतात ते उत्तरेकडे निघतात, तेव्हा दक्षिण काठ अडवतो. म्हणजे एकाच सरोवराची शरदातली बाजू निराळी आणि वसंतातली निराळी. उत्तर अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाजवळचं हॉक रिज शरदात गाजतं. ओंटारियो सरोवराच्या दक्षिण काठावरचं ब्रॅडक बे आणि आग्नेय कोपऱ्यातलं डर्बी हिल ही वसंताची ठिकाणं. युरोपात स्वीडनच्या दक्षिण टोकावरचं फाल्स्टरबो शरदातलं, तर डेन्मार्कच्या उत्तर टोकावरचं स्कागेन वसंतातलं. दोन्ही जागा भूभागाच्या टोकावर, पण टोकांची दिशा उलटी. तुमच्या टेकडीचा नकाशा काढून एवढंच बघा: तिच्या उत्तरेला पक्ष्याला अडवणारं काही आहे का? नसेल, तर शरदात टेकडीवर जमलेले पक्षी वसंतात रुंद पट्ट्यात विखरून जात असतील, आणि त्यातले चार तुमच्या वाट्याला आले.

दुसरं कारण असं, की कित्येक पक्ष्यांची जायची वाट एक आणि यायची दुसरी असते. स्टेपी गरुडाचंच घ्या. आफ्रिकेत उतरताना त्यातले बरेचसे अरबस्तानावरून तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाला, बाब-अल-मंदबच्या सामुद्रधुनीपाशी जातात. वसंतात परतताना ते तांबड्या समुद्राच्या पश्चिमेने वर सरकून सुएझ, सिनाई आणि इलातवरून आशियात शिरतात. म्हणून इस्रायलच्या दक्षिण टोकाचं इलात हे वसंताचं ठिकाण म्हणून जगभर ओळखलं जातं. १९८५ च्या वसंतात तिथे दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेले, आणि त्यात आठ लाखांहून अधिक एकटे मधुबाज होते. हिमालयाच्या दक्षिण उतारावर धरमशालेजवळ स्टेपी गरुड शरदात पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना मोजले गेलेत आणि वसंतात उलटे पूर्वेकडे. तिथे अडवणारं पाणी नाही. डोंगराच्या उतारावर आदळून वर वळणारा वारा आणि तापलेला उतार हीच त्यांची वाट. आपण मनात ‘स्थलांतर म्हणजे उत्तर-दक्षिण’ असं धरून बसलो, तर असे पक्षी पाठीमागून निघून जातात.

आणि काही शिकारी पक्षी कुठल्याच टेकडीच्या हिशेबात येत नाहीत. अमूर ससाणा अरबी समुद्र सलग उडत पार करतो, रात्रीसुद्धा. कैकर (ऑस्प्रे), भोवत्या (हॅरियर) आणि ससाणे यांचे पंख लांब आणि अरुंद. ते पंख मारत सरळ पाण्यावरून जाऊ शकतात, थर्मलची वाट बघत बसत नाहीत. म्हणून अरुंद जागांवरच्या आकड्यांत ते नेहमी कमी दिसतात. आकडा कमी आहे म्हणून पक्षी कमी, असा निष्कर्ष यांच्याबाबत काढू नका.

वसंतातला आकडा मुळात शरदापेक्षा कमी असायला हवा, हेही लक्षात असू द्या. शरदात त्या वर्षीची पिल्लं बरोबर असतात. त्यातली पुष्कळ हिवाळ्यात मरतात. शिवाय कैकर आणि युरोपीय मधुबाज यांची पिल्लं पहिला उन्हाळा बहुतेक दक्षिणेतच काढतात, परत येतच नाहीत. वसंतात जे जातात ते मुख्यतः घरटं करायला निघालेले मोठे पक्षी, आणि त्यांना घाई असते. चांगली जागा आधी पोहोचणाऱ्याला मिळते. त्यामुळे एका जातीचा बहर दोन आठवड्यांत उरकतो. अपरिपक्व पक्षी मागून, रमतगमत, आठवडे आठवडे येत राहतात. इलातचा क्रम सांगतो म्हणजे अंदाज येईल: स्टेपी गरुड फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चभर, स्टेपी बझर्ड मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीला, लेव्हंट स्पॅरोहॉक एप्रिलच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत, आणि मधुबाज मेच्या पहिल्या पंधरवड्यात. तुम्ही दोन दिवस गेलात ते दोन बहरांच्या मधल्या खिंडीत सापडले असतील. एकाच ठिकाणी थोडे थोडे तास, पण आठवड्यातून दोनदा असे हंगामभर बसलात, तर सलग दोन दिवसांपेक्षा पुष्कळ जास्त कळेल.

हवामानावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मा खेळ तिथेच आहे.

उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण भागात शरदातले जाणते लोक थंड हवेची लाट सरकून गेल्यानंतरच्या उत्तरी वाऱ्याची वाट बघतात. वसंतात उलट: पश्चिमेकडून कमी दाबाचं क्षेत्र जवळ येत असतं, त्याच्या पुढ्यात दक्षिणेकडून उबदार वारा वाहायला लागतो, आणि पक्षी त्या वाऱ्यावर निघतात. पाऊस येण्याच्या आदला दिवस म्हणूनच बहुधा चांगला असतो. दोन-तीन दिवस पाऊस किंवा जोराचा समोरचा वारा राहिला, की पक्षी मागे तुंबतात. आभाळ उघडलं की तुंबलेलं सगळं एकदम सुटतं. तो दिवस सोडू नका.

कडेचा वारा पक्ष्यांची वाट सरकवतो. जिब्राल्टरची सामुद्रधुनी अरुंद भागात जेमतेम १४ किलोमीटर आहे, पण तेवढ्यातही पश्चिमेचा वारा असला तर पक्षी जिब्राल्टरच्या खडकाकडे ढकलले जातात आणि पूर्वेचा असला तर पश्चिमेकडच्या तारिफाच्या बाजूला. तिथले मोजणारे सकाळी वारा बघून मगच कुठे उभं राहायचं ते ठरवतात. तुमच्याकडेही वाऱ्यानुसार दोन जागा ठरवून ठेवता आल्या तर उत्तम. मात्र जागा बदलली तर ती नोंद वेगळी ठेवायची. दोन जागांचे तास एकात मिसळायचे नाहीत.

सगळ्यात फसवा दिवस म्हणजे स्वच्छ निळं आभाळ, मंद वारा, कडक ऊन. आपल्याला वाटतं, काय छान दिवस आहे. पक्ष्यांनाही तसंच वाटतं, आणि ते इतके उंच जातात की दुर्बिणीतही ठिपका दिसत नाही. अशा दिवशी आभाळ रिकामं नसतं, आपली नजर अपुरी असते. थोडे पांढरे ढग असले तर निभावतं, कारण ढगाच्या पांढऱ्या तळाखाली काळा ठिपका उठून दिसतो. वारा समोरून आणि जरा जोराचा असेल, तर पक्षी खाली येतात, दमत दमत, डोंगराच्या कडेला धरून; आकडा कमी असतो पण ओळख पटवायला असा दिवस सोन्यासारखा. म्हणूनच वहीत पक्ष्यांच्या आकड्याशेजारी आभाळाची अवस्था लिहायची. ‘दुपारी १२ ते १, शून्य’ आणि ‘दुपारी १२ ते १, शून्य, ढग अजिबात नाही, वारा नाही’ या दोन नोंदींचा अर्थ अगदी वेगळा आहे.

दिवसाची वेळही तशीच. भोवत्या, ससाणे, स्पॅरोहॉक सकाळी लवकर, खालून, पंख मारत जातात. जड पक्ष्यांना जमीन तापायला हवी, त्यामुळे सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी त्यांची सुरुवात होते. मध्यान्हीला बऱ्याच ठिकाणी खंड पडल्यासारखं वाटतं. तो खंड पुष्कळदा उंचीचा असतो. दुपार उतरली की थर्मल मंदावतात आणि पक्षी पुन्हा खाली दिसायला लागतात. जेवायला उठायचंच असेल तर उठा, पण किती मिनिटं उठला होतात ते लिहा.

आता बघायचं कसं. नवख्यांचा पहिला घोटाळा फोकसचा असतो. कोऱ्या निळ्या आभाळात दुर्बीण फिरवताना फोकस लावायला काहीच नसतं, आणि चाक थोडं जरी इकडेतिकडे झालं तरी दूरचा पक्षी धूसर होऊन आभाळात विरघळतो. तो दुर्बिणीतून समोरून गेला तरी दिसत नाही. म्हणून आधी दूरच्या डोंगराच्या कडेवर किंवा ढगाच्या किनारीवर फोकस पक्का लावा आणि मग चाकाला बोट लावू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासा. मग पक्षी ज्या दिशेने येणं अपेक्षित आहे तिथे क्षितिजाच्या जरा वरची पट्टी डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जा. प्रत्येक दृश्यात आधीच्या दृश्याचा थोडा भाग पुन्हा यायला हवा. टोकाला पोचलात की दुर्बीण एक दृश्य वर उचला आणि उलट्या दिशेने परत या. ढगांचे तळ नीट बघा. आणि अधूनमधून दुर्बीण खाली ठेवून उघड्या डोळ्यांनी डोक्यावरचं आभाळ बघा, कारण सगळे दूर बघत असताना थवा नेमका टाळूवरून निघून जातो. मागे रेलता येईल अशी खुर्ची ही चैन नाही. मान दुखायला लागली की माणूस वर बघायचं टाळतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

दुर्बीण आठ किंवा दहा पटीची पुरते. स्पॉटिंग स्कोप असेल तर कमी पटीवर, रुंद दृश्य ठेवून वापरा. स्कोप शोधायला नसतो, सापडलेला पक्षी ओळखायला असतो. आणि थवा सूर्याच्या तोंडाशी सरकला तर दुर्बीण डोळ्यांपासून लगेच काढा. पक्षी पलीकडून बाहेर येतील. डोळा गेला तर तो येणार नाही.

ओळखीबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा आणि लांबचा विषय आहे. तीन किलोमीटरवर रंग दिसत नाही, ठेवण दिसते. भोवत्या पंख वर उचलून उथळ इंग्रजी ‘व्ही’सारखे धरतो आणि डुलत जातो. घारीची शेपटी खाचेची आणि सतत सुकाणूसारखी वळत असते. मधुबाज पंख सपाट किंवा किंचित खाली झुकवून तरंगतो, डोकं लहान आणि पुढे काढलेलं, शेपटी बझर्डपेक्षा लांब. बझर्डचे पंख घिरट्या घालताना थोडे वर असतात. मोठ्या गरुडाच्या पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली दिसतात आणि त्याला वळायला वेळ लागतो. लेव्हंट स्पॅरोहॉक दाट थव्यात, एकाच वेळी वळत जातात. इतर स्पॅरोहॉक सहसा सुटेच. एवढ्यावरही ठरत नसेल तर ‘न ओळखलेला बझर्ड’, ‘न ओळखलेला मोठा गरुड’, ‘न ओळखलेला शिकारी पक्षी’ असे रकाने आहेत आणि ते भरण्यात काही कमीपणा नाही. उलट ज्याच्या वहीत असा एकही पक्षी नाही, त्याच्या बाकीच्या ओळखींकडे मी जरा संशयानेच बघतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, थवा मोजायचा कसा.

पहिला नियम: थर्मलमध्ये घिरट्या घालणारे पक्षी मोजू नका. तिथे ते एकमेकांच्या पुढे-मागे, वर-खाली फिरत असतात. दोनदा मोजले तर दोन वेगळे आकडे येतात आणि दोन्ही चुकीचे असतात. थांबा. वर पोचलेला पहिला पक्षी पंख जरा मागे ओढतो आणि सरळ रेषेत निघतो. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता आभाळात पक्ष्यांची एक लांब ओळ सुटते. ती ओळ मोजायची. समोर एखादा खांब, झाडाचा शेंडा, डोंगराचा कोपरा ठरवून घ्या, त्याच्यावरून वर एक उभी रेघ आहे असं समजा, आणि जो पक्षी ती रेघ ओलांडेल तोच मोजा. दुर्बीण पक्ष्यांबरोबर फिरवायची नाही. ती रेघेवर स्थिर. नजर पक्ष्यांच्या मागे गेली की मोजणी हातची गेलीच.

हातात क्लिकर ठेवा, म्हणजे अंगठ्याने दाबून मोजायचा तो छोटा टॅली काउंटर. दोन जाती एकत्र येत असतील तर दोन हातांत दोन. तोंडाने मोजायला लागलात की कुणीतरी ‘ते बघा!’ म्हणतो आणि आकडा तुटतो. अंगठ्याला कुणी काही विचारत नाही.

ओळ पातळ असेल तर एकेक पक्षी. दाट झाली तर दहा-दहा. दहाचा अंदाज असाच येत नाही: त्या ओळीतलेच पहिले दहा पक्षी खरोखर मोजा, ते आभाळात किती लांबी व्यापतात ते डोळ्यांत धरा, आणि मग तेवढ्या तुकड्याला एक क्लिक. ओळ विरळ किंवा दाट झाली की पुन्हा दहा मोजून माप बदला. फारच मोठा लोंढा असेल तर शंभराचं माप, पण ते दहाच्या मापातून बांधलेलं हवं. मोठ्या थव्यात बहुतेकांचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा कमी पडतो. घरी सराव करता येतो: थव्याचा एखादा फोटो घ्या, पाच सेकंद बघून आकडा लिहा, मग फोटोवर ठिपके देत मोजा. आपली चूक कुठल्या बाजूला आणि साधारण किती, हे थोड्या दिवसांत कळतं. प्रत्यक्ष मोजतानाही शक्य असेल तर सोबत्याला फोटो काढायला सांगा. थर्मलमधल्या सगळ्यात दाट क्षणाचा एक फोटो तुमच्या ओळीच्या आकड्याची किमान खातरजमा करून देतो. फोटोत जेवढे पक्षी आहेत, निदान तेवढे तर होतेच.

मिश्र थव्यात ओळीची एकूण संख्या एकाने मोजावी आणि जाती दुसऱ्याने बघाव्यात. सहाशे पक्ष्यांतला प्रत्येक ओळखणं होणार नाही. ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पन्नास-पन्नास पक्षी नीट ओळखा; तिन्ही नमुन्यांत साधारण पंचेचाळीस मधुबाज आणि पाच घारी येत असतील, तर ५४० मधुबाज आणि ६० घारी असं लिहून शेजारी ‘नमुन्यावरून’ अशी खूण करा. फक्त सुरुवातीचा नमुना घेऊ नका, कारण घारी पुष्कळदा एका टोकाला एकत्र असतात. तिसरा माणूस असेल तर त्याने फक्त लिहावं. एकटेच असाल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करत बोला. डोळे खाली गेले की दोन-चार पक्षी जातातच.

दुहेरी मोजणीची भीती नवख्यांना फार वाटते, पण पुढे निघून गेलेला पक्षी परत येऊन फसवतो असं क्वचित. फसवतात ते स्थानिक. सकाळपासून त्याच दरीवर फिरणारी घार तासातासाला ‘स्थलांतरित’ म्हणून वहीत शिरते. म्हणून पक्षी दिसला की लगेच मोजू नका. तो ठरलेल्या दिशेने रेघ ओलांडून दिसेनासा होईपर्यंत बघा. उलट दिशेने गेलेले वेगळ्या रकान्यात लिहा, आणि तासाच्या शेवटी ते मूळ आकड्यातून वजा करायचे की नाही याचा एकच नियम हंगामभर पाळा. पाण्याच्या काठावर हे फार होतं: पक्षी निघतात, अर्ध्यावरून परततात, पुन्हा निघतात. तुमच्या चार घारीही यातल्या कुठल्या होत्या, ते एकदा आठवून बघा.

कागदावर काय हवं? दर तासाला एक ओळ. तास सुरू आणि संपण्याची वेळ, त्यातली प्रत्यक्ष बघितलेली मिनिटं, किती जण बघत होते, वाऱ्याची दिशा आणि जोर, आभाळाचे आठ भाग केले तर किती ढगांनी झाकले होते, किती दूरचं दिसत होतं, पक्ष्यांची दिशा आणि उंची. उंची मीटरमध्ये सांगायचा प्रयत्न करू नका, ती कुणालाच जमत नाही. उघड्या डोळ्यांना सहज दिसत होते, कसेबसे दिसत होते, की फक्त दुर्बिणीतच, एवढं लिहिलं तरी पुरे. बघणाऱ्यांची संख्या लोक हमखास विसरतात, आणि ती फार महत्त्वाची आहे: पाच जणांच्या नजरेला एकट्यापेक्षा जास्त पक्षी सापडतात, त्यामुळे गेल्या वर्षी एकटे आणि यंदा पाच जण असाल तर वाढलेला आकडा पक्ष्यांचा नसून डोळ्यांचा असू शकतो. उत्तर अमेरिकेत १९७४ मध्ये हॉक मायग्रेशन असोसिएशन स्थापन झाली आणि ठिकठिकाणचे लोक एकाच पद्धतीने तासवारी नोंदी ठेवायला लागले. वेगवेगळ्या टेकड्यांचे आकडे शेजारी ठेवता येतात ते त्या शिस्तीमुळे. तुम्ही ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ वापरत असाल तर दिवसभराची एकच यादी करण्यापेक्षा एका जागेवरून तासातासाची पूर्ण यादी करा. शून्याचा तासही भरा.

या शून्यांचा उपयोग काय, ते सांगतो. अभ्यासक शेवटी ‘ताशी किती पक्षी’ हा आकडा बघतात. तुम्ही फक्त चांगले तास लिहिलेत, तर तो आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी कुणी शहाण्यासारखे सगळे तास लिहिले की पक्षी घटल्याचा भास होतो. एका वर्षाच्या आकड्याला तसा फारसा अर्थ नसतो; वारा बदलला तरी तो दुप्पट-निम्मा होतो. वर्षानुवर्षं त्याच जागेवरून, त्याच पद्धतीने बसलं की हवामानाची चढउतार एकमेकांत जिरते आणि खालचा कल दिसायला लागतो. विक्रमी दिवसांच्या मागे धावणारे लोक मला म्हणूनच फारसे आवडत नाहीत. ते मोठा आकडा आणतात, पण त्याच्या आजूबाजूचे दिवस कुणाकडेच नसतात.

आकड्याइतकंच वय लिहिणं मोलाचं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर १९३४ मध्ये रोझाली एज यांनी शिकाऱ्यांच्या बंदुका थांबवल्या आणि मॉरिस ब्राउन तिथून जाणारे पक्षी मोजायला लागले. पुढे १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांनी कीटकनाशकांवर लिहिताना त्याच मोजणीचा आधार घेतला: १९३५ ते १९३९ मध्ये तिथून जाणाऱ्या बाल्ड ईगलमध्ये ४० टक्के पक्षी त्या वर्षीचे होते, १९५५ ते १९५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले होते. मोठे पक्षी दिसत होते, पण त्यांना पिल्लं होत नव्हती. ब्राउन यांनी नुसतं ‘इतके गरुड’ लिहिलं असतं तर ही गोष्ट वहीतून निघालीच नसती. अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकावर १९७२ मध्ये बंदी आली.

ती शरदातली मोजणी होती. वसंतात वय ओळखायची खूण थोडी वेगळी असते. गेल्या वर्षीच्या पिल्लाची सगळी पिसं एका वयाची, उन्हाने विटलेली आणि टोकांना झिजलेली दिसतात; काहींच्या पंखात आतल्या बाजूची एक-दोन लांब पिसं गळून फट पडलेली असते, कारण पहिली पिसं बदलायला तिथून सुरुवात होते. स्टेपी गरुडाच्या पिल्लाच्या पंखाखालचा रुंद पांढरा पट्टा दुरूनही दिसतो. प्रत्येक पक्ष्याचं वय लागणार नाही. ‘मोठा’, ‘अपरिपक्व’, ‘वय कळलं नाही’ एवढे तीन रकाने ठेवा. स्टेपी गरुड २०१५ पासून जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, तेव्हा त्याच्याबाबत तर हा रकाना रिकामा ठेवू नकाच.

मोजणीचा उपयोग कधीकधी अनपेक्षित ठिकाणीही होतो. इस्रायलमध्ये योसी लेशेम यांनी १९८० च्या दशकात मोटर-ग्लायडरमधून थव्यांबरोबर उडत त्यांच्या वाटा, उंची आणि वेळा नोंदवल्या. जमिनीवरच्या मोजणाऱ्यांचे आकडे त्याला जोडले गेले. त्यावरून तिथल्या हवाई दलाने स्थलांतराच्या दिवसांत उड्डाणांच्या वेळा आणि उंची बदलल्या, आणि विमानं-पक्षी यांच्या टकरी पुष्कळ घटल्या. पवनचक्क्या कुठे उभारायच्या आणि कुठल्या तासांत थांबवायच्या, या वादातही अशाच तासवारी नोंदी पुढे ठेवाव्या लागतात.

एक सूचना राहिली. पक्षी रात्री जिथे उतरतात त्या झाडांची किंवा कड्यांची नेमकी जागा सगळ्यांना कळेल अशी टाकू नका, आणि संध्याकाळी त्यांच्या जवळ जाऊ नका. ड्रोन तर नकोच. वसंतात त्यांच्या अंगात शिल्लक थोडी असते आणि एकदा उठवलेला पक्षी अंधारात दुसरी जागा शोधत बसतो. सिसिली आणि इटलीच्या मुख्य भूमीच्या मधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीवर वसंतात मधुबाज मारायची जुनी रीत होती. ॲना जिओर्दानो आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८० च्या दशकापासून तिथे मोजणी आणि पहारा हे एकत्रच सुरू केलं. मोजणारी माणसं दुर्बिणी घेऊन टेकडीवर बसलेली असली की बंदूक काढणाऱ्याला अवघड जातं.

तुमच्यासाठी पुढच्या हंगामापुरतं असं करा: नकाशावर उत्तरेला अडथळा असलेली एक जागा निवडा, आठवड्यातले दोन ठरावीक दिवस आणि सकाळी नऊ ते दुपारी एक अशी चार तासांची वेळ धरा, आणि वारा अनुकूल असो वा नसो, तेवढे तास बसा. जोराचा दक्षिणी वारा दिसला तर जादा दिवस खुशाल जा, फक्त तो वहीत ‘जादा’ म्हणून वेगळा लिहा.